नाव कंपनीने द्यावे, मोजमाप सरकारने घ्यावे

पोर्शे कंपनी पॅनामेरा या आपल्या चार दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणते. जर्मनीत वाहननोंदणीची आकडेवारी ठेवणारे सरकारी कार्यालय, केबीए, तसे मानत नाही. ते पॅनामेराला मर्सिडीज एस-क्लास आणि बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजच्या पंगतीला बसवते आणि त्याच कंपनीची दोन दारांची ९११ मात्र स्पोर्ट्स कारच्या रकान्यात टाकते. अमेरिकेतली ईपीए ही पर्यावरण संस्था गाडीच्या आतली जागा घनफुटांत मोजते. तिच्या लेखी पॅनामेरा 'मोठी गाडी' आणि ९११ 'मिनीकॉम्पॅक्ट', म्हणजे अगदी लहान. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने बरीच वर्षे निव्वळ लांबीवर प्रतवारी केली: ४७०१ ते ५००० मिलिमीटर म्हणजे प्रीमियम, त्यापुढे लक्झरी. या पट्टीने पहिली पॅनामेरा ४९७० मिलिमीटरवर प्रीमियम ठरते आणि ॲस्टन मार्टिनची रॅपिड ५०१९ मिलिमीटरवर लक्झरी. दोघींच्या लांबीत पाच सेंटिमीटरचाही फरक नाही.

यातली कोणतीच पट्टी खोटी नाही. केबीएला बाजाराची आकडेवारी हवी असते, ग्राहकाने सारख्या आकाराच्या गाड्यांचे मायलेज ताडून पाहावे हा ईपीएचा हेतू, आणि सियामला विक्रीचे तक्ते मांडायचे असतात. ज्याचे त्याचे काम त्या त्या पट्टीने भागते. घोटाळा होतो तो कर, परवाना आणि विमा ठरवणारी खाती हाताशी येईल ती पट्टी उचलतात तेव्हा. लांबी किती, इंजिन किती सीसीचे, इंधन कोणते, एवढे पाहून शासन गाडीचा हिशेब मिटवते. ती गाडी रस्त्यावरच्या इतरांसाठी किती धोक्याची आहे आणि घेणाऱ्याची ऐपत किती, हे विचारायचे राहूनच जाते. चार दारांच्या आलिशान स्पोर्ट्स कारमुळे ही फट लख्ख दिसते, कारण ती दोन रकान्यांच्या मधोमध बसावी अशीच आखलेली असते. कंपनीने तिला हवे ते नाव द्यावे. शासनाने मात्र वजन, ताकद आणि किंमत या तीनच गोष्टी पाहाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

चार दारे आणि स्पोर्ट्स कार ही जोडी काही आजची नाही. रोव्हरने १९६२ मध्ये पी-५ या भारदस्त सेडानचे छत अडीच इंचांनी खाली घेतले आणि त्या चार दारांच्या गाडीला कूपे म्हटले. एरवी हे नाव दोन दारांच्या, उतरत्या छताच्या गाडीचे. पुढच्याच वर्षी मासेरातीने तुरिनच्या प्रदर्शनात क्वात्रोपोर्ते, म्हणजे 'चार दारे', मांडली: ४.१ लिटरचे व्ही-८ इंजिन, २६० अश्वशक्ती, ताशी २३० किलोमीटर. तिथे नावामागे यंत्र होते. १९८९ मध्ये निसानने अमेरिकेत मॅक्सिमाच्या मागच्या काचांवर '४डीएससी' असे स्टिकर लावले. चार दारांची स्पोर्ट्स कार, याचे ते लघुरूप. गाडी चांगलीच होती, पण होती पुढच्या चाकांना ताकद देणारी, १६० अश्वशक्तीची कौटुंबिक सेडान. स्टिकर चिकटवल्याने तिचा एक नटबोल्टही बदलला नव्हता. निसानला ते नाव इतके मानवले की २०१६ च्या मॅक्सिमातही तीच अक्षरे हेडलाइटच्या आत कोरलेली होती.

बाजार खऱ्या अर्थाने पालटला तो २००४ च्या मर्सिडीज सीएलएसने. तिचा सांगाडा त्या काळच्या ई-क्लासचा. व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) तोच, २८५४ मिलिमीटर. छत पाच-सहा सेंटिमीटर खाली, मागे तिघांऐवजी दोघांचीच सोय आणि किंमत ई-क्लासपेक्षा चढी. कमी जागेसाठी जास्त पैसे मोजायला लोक तयार आहेत, हे सिद्ध झाल्यावर मग थांबतो कोण? फोक्सवॅगन पसाट सीसी २००८ मध्ये आली, ऑडी ए-७ २०१० मध्ये, बीएमडब्ल्यूची सिक्स सिरीज ग्रान कूपे २०१२ मध्ये. सीएलएसचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले, पण 'चार दारांची कूपे' हे नाव मात्र बाजारात मुरले. गंमत अशी की अमेरिकी वाहन अभियंत्यांच्या जे-११०० या मानकात कूपे आणि सेडान यांच्यातली रेघ मागच्या भागाच्या घनफळावर ओढली आहे: ३३ घनफुटांपेक्षा कमी असेल तर कूपे. म्हणजे अभियंत्यांच्या लेखी कूपे ही मागे बसणाऱ्याच्या अडचणीची मोजदाद होती. जाहिरातीत तोच शब्द प्रतिष्ठेचा झाला.

हा देखावा साधतात कसा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याची किंमत नेमकी कोण मोजतो ते त्यातूनच कळते. सुरुवात पुढच्या चाकापासून होते. चाकाचा मध्य आणि पुढच्या दाराची कड यांतले अंतर जितके जास्त, तितके बॉनेट लांब आणि इंजिन दमदार भासते. मग खिडकीखालची रेषा वर चढवतात, म्हणजे बाजूने पाहताना दोन वाटे पत्रा आणि एक वाटा काच दिसते. छताचा सर्वांत उंच बिंदू चालकाच्या डोक्यावर ठेवतात आणि तिथून ते मागे उतरत जाते. दोन दारांमधला खांब काळा रंगवतात, दारांच्या काचांना चौकट ठेवत नाहीत, म्हणजे चारही काचांची मिळून एकच पट्टी दिसते. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या कोपऱ्यात दडवण्याची युक्ती अल्फा रोमिओ १५६ ने १९९७ मध्ये रुळवली; तीही इथे उपयोगी पडते. शेवटी २० किंवा २१ इंची चाके बसवली की गाडी आहे त्याहून बुटकी वाटते.

छत मागे उतरले की मागच्या सीटला खाली सरकण्यावाचून गत्यंतर नसते. सीट खाली गेली की गुडघे वर येतात, मांडीखाली आधार उरत नाही आणि सगळा भार कमरेवर येतो. अर्ध्या तासात त्रास जाणवत नाही. मुंबई-कोल्हापूर प्रवासात जाणवतो. इलेक्ट्रिक गाडीत अडचण दुप्पट होते, कारण बॅटरी तळाशी असते आणि ती पाय ठेवायची जागाच वर उचलते. पोर्शेने टायकानमध्ये यावर तोडगा काढला: मागच्या प्रवाशाच्या पावलांपुरते बॅटरीचे सेल काढून तिथे खळगा केला. कंपनी त्याला 'फूट गॅरेज' म्हणते. तोडगा हुशारीचा आहे. तरीही ४९६० मिलिमीटरहून लांब गाडीत माणसाचे पाय मावावेत म्हणून बॅटरी कोरावी लागते, यावरून आकृतीपुढे माणसाला किती जागा उरते ते कळते.

अशी गाडी पाहायला जाणाऱ्याने शोरूममध्ये एक गोष्ट न चुकता करावी. आधी चालकाच्या सीटवर बसून ती आपल्याला लागते तितकी मागे घ्यावी, मग उतरून बरोबर त्याच सीटच्या मागे बसावे. दारातून आत जाताना डोके किती वाकवावे लागले, टाळू छताला लागते का, पावले पुढच्या सीटखाली जातात का, आणि दार लावल्यावर मागच्या काचेतून आरशात काय दिसते, हे चार प्रश्न विचारावेत. बहुतेक शोरूममध्ये पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवलेली असते, म्हणून हा क्रम पाळायचा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या सीटवरून एकट्याने उतरून बघू द्यावे. उत्तर तिथेच मिळते.

बिनचौकटीच्या काचांची कहाणी निराळी. मूठ ओढली की काच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली येते, दार लागले की वर सरकून रबरात रुतते. हे काम १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. बॅटरी मलूल झाली की काच खाली येतच नाही. मग दार उघडताना ती रबर आणि पट्टी ओरबाडत बाहेर येते. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर काचेला तिची वरची हद्द नव्याने शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरले की ते होते. हे न केल्यास काच अर्धवट बसते, वेगात वारा शिट्टी घालतो आणि कोकणातल्या पावसात सीट ओली होते. विक्रेते हे सांगत नाहीत. सांगायला हवे.

आता ही गाडी आपल्या रस्त्यावर आणू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. रॅपिडचा व्हीलबेस २.९९ मीटर आहे. दोन्ही चाके अशा उंचवट्यावर असताना मधला भाग त्यांच्या पातळीपेक्षा सुमारे साडेसहा सेंटिमीटर वर येतो. व्हीलबेसचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागले की हा आकडा मिळतो. गाडीखाली १२ सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर ती पाच सेंटिमीटर राखून पार होते. पण गल्लीत हाताने ओतलेला, मीटरभर रुंदीचा आणि १५ सेंटिमीटर उंचीचा गतिरोधक संपूर्णच दोन चाकांच्या मध्ये येतो, आणि तिथे १२ सेंटिमीटर पुरत नाहीत. तळ घासतोच. म्हणजे इथे दोष गाडीचा कमी आणि शिफारस धाब्यावर बसवणाऱ्या पालिकेचा जास्त. तोच उंचवटा रुग्णवाहिकेतल्या रुग्णालाही हिसका देतो. टायरचेही तेच. २१ इंची चाकांच्या टायकानला मागे ३०५/३० मापाचा टायर असतो, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत जेमतेम ९ सेंटिमीटर. साडेसातशे किलोंच्या आसपासच्या अल्टो के-१० ला १४५/८० चा टायर असतो आणि त्याची भिंत साडेअकरा सेंटिमीटरची. तिप्पट वजन आणि भिंत त्याहून बारीक. खड्ड्यात रिम वाकते ती यामुळे.

या गाड्या विकल्या कशा जातात, त्यातही एक सूत्र आहे. पोर्शेने पॅनामेरा एप्रिल २००९ मध्ये शांघायला, वर्ल्ड फायनान्शियल सेंटरच्या ९४ व्या मजल्यावर जगापुढे आणली. हे ठिकाण विचारपूर्वक निवडलेले होते. चीनमध्ये अशा गाडीचा मालक बहुधा मागे बसतो. २०१३ मध्ये कंपनीने व्हीलबेस १५० मिलिमीटरने वाढवलेली एक्झिक्युटिव्ह आवृत्ती काढली, ती मागच्या प्रवाशासाठीच. नाव स्पोर्ट्स कारचे आणि वाढीव पैसे ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जागेचे. मला यात फसवणूक दिसत नाही; घेणाऱ्याला काय हवे ते कंपनीने ओळखले. ॲस्टन मार्टिनने रॅपिडला जगातली सर्वांत सुंदर चार दारांची स्पोर्ट्स कार म्हटले. हा दावा मोजताच येत नाही, त्यामुळे तो खोडताही येत नाही. त्यातच, ब्रिटनच्या जाहिरात संहितेनुसार वेग किंवा प्रवेग हा मोटारीच्या जाहिरातीचा मुख्य संदेश असता कामा नये. मग ४७० अश्वशक्तीच्या व्ही-१२ गाडीबद्दल बोलायला सौंदर्य उरते. आपल्याकडे मुंबईस्थित ॲस्की या जाहिरात परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही धोकादायक वेग आणि वाहतुकीचे नियम मोडणे दाखवायला मनाई करतात. मात्र वजन किती आणि किलोमागे ताकद किती, हे जाहिरातीत ठळक छापा असे कोणी सांगत नाही. तेवढे छापणे बंधनकारक केले तर 'फॅमिली कार' आणि 'स्पोर्ट्स कार' या शब्दांचे वजन आपोआप ठरेल.

कायद्याची पट्टी चुकली की गाडीचा आकारच बदलतो, याचे उदाहरण टाटा मोटर्सनेच दिले. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. २००८ मध्ये इंडिगोची डिकी छाटून इंडिगो सीएस आली, लांबी ३९८८ मिलिमीटर. २०१२ मध्ये मारुतीने डिझायर ४१६० वरून ३९९५ मिलिमीटरवर आणली. लाखो भारतीय कुटुंबांच्या सेडानची डिकी आखडली ती दिल्लीतल्या एका आकड्यामुळे. अमेरिकेत उलटे झाले. तिथे १९७८ च्या कायद्याने इंधन पिणाऱ्या मोटारींवर कर बसवला, पण तो 'पॅसेंजर कार'पुरता. एसयूव्ही त्यातून सुटल्या. रॅपिडवर तो कर लागे, ॲस्टन मार्टिनच्याच, तिच्याहून उंच डीबीएक्स या एसयूव्हीवर लागत नाही. शहाणपण पॅरिसने दाखवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एसयूव्हींच्या पार्किंगवर मतदान झाले. घोषणा एसयूव्हीची होती, पण ऑक्टोबरपासून लागू झालेला नियम वजनाचा निघाला: पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिडसाठी १.६ टन, इलेक्ट्रिकसाठी २ टन, आणि त्यापुढे मध्य पॅरिसमध्ये तासाला १८ युरो. त्यामुळे बुटकी, देखणी पॅनामेराही त्यात आली. नाव विचारले असते तर सुटली असती.

आपल्या करांकडे आता नीट पाहावे लागेल. जीएसटीच्या जुन्या रचनेत १५०० सीसीच्या वरच्या सेडानवर २८ टक्के कर आणि २० टक्के उपकर होता. इंजिन १५०० सीसीहून मोठे, लांबी चार मीटरपेक्षा जास्त आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीखालची मोकळी जागा, १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर उपकर २२ टक्के. 'रिकाम्या गाडीचे क्लिअरन्स' हा खुलासा २०२३ मध्ये करावा लागला, कारण भरलेली गाडी मोजली की आकडा खाली येई. हवेच्या सस्पेन्शनवर बटणानिशी वर-खाली होणाऱ्या गाडीला क्लिअरन्सवर कर लावणे हेच मुळात चुकीचे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा गुंता सुटला: लहान गाड्यांना १८ टक्के, बाकी सर्वांना ४० टक्के. सुधारणा स्वागतार्ह. पण इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के, मग ती आठ लाखांची असो की दीड कोटीची, हे तसेच राहिले.

आकडे मांडतो. आठ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीच्या पेट्रोल डिझायरमध्ये १८ टक्के दराने सुमारे १ लाख २२ हजार रुपये जीएसटी असतो. महाराष्ट्रात त्यावर ११ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे ८८ हजार. मिळून २ लाख १० हजार, किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. मर्सिडीजने चाकणमध्ये जुळणी केलेली ईक्यूएस ५८० ही ५२३ अश्वशक्तीची इलेक्ट्रिक सेडान २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाखांना आणली. ५ टक्के दराने तिच्यात सुमारे ७ लाख ३८ हजार जीएसटी, आणि राज्याचा मोटार वाहन कर शून्य. किमतीच्या पाच टक्केही नाही. ज्याच्या घरी गाडी पहिल्यांदा येते त्या कुटुंबाने प्रमाणात पाचपट कर भरायचा, हे कोणत्या न्यायाने? परदेशातून तयार येणाऱ्या गाडीवर जबर आयातशुल्क लागते हे खरे, पण ते गाडी कुठे बनली याचे शुल्क आहे. चाकणमध्ये जुळणी झाली की ते हलके होते. गाडीचे वजन हलके होत नाही.

पेट्रोल गाड्यांतही राज्याची रचना वरच्या टोकाला नरम पडते. २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के कर, पण कमाल मर्यादा ३० लाख. जुलै २०२५ पूर्वी ती २० लाखच होती. सुमारे २ कोटी ३१ लाखांच्या गाडीला ही मर्यादा गाठली जाते आणि तिथून पुढे दर घसरू लागतो. पाच कोटींच्या गाडीला प्रत्यक्षात पडतो ६ टक्के. पाच लाखांच्या अल्टोला ११. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव राज्य सरकारने ठेवला होता. योग्य प्रस्ताव होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला, याचे वाईट वाटते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये मोटारसायकलवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा एका पोर्शे टायकानच्या धडकेत मृत्यू झाला. चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्या गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती. परिवहन खात्याने तेव्हा सांगितले की तिच्यासाठी भरायचे शुल्क होते १,७५८ रुपये, आणि तेही भरले गेले नव्हते. गाडी इलेक्ट्रिक म्हणून रोड टॅक्स माफ. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या मोठ्यांची जबाबदारी गाडीच्या वर्गवारीवर ढकलता येत नाही, आणि मला ती ढकलायची नाही. त्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आहेच: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वर्षभर नोंदणी रद्द. माझा मुद्दा वेगळा आहे. अशी गाडी राज्याच्या दप्तरातून जाते तेव्हा ती कोणत्या प्रकारची वस्तू आहे, हे विचारणारा एकही रकाना शासनाकडे नाही. तिची नोंद 'मोटार कार, एलएमव्ही' (हलके मोटार वाहन) अशीच होते, अल्टोची होते तशी. परवानाही तोच चालतो.

थर्ड पार्टी विम्यात ही उणीव आणखी ठळक दिसते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत १५०० सीसीपुढच्या प्रत्येक खासगी मोटारीला वर्षाला ७,८९७ रुपये, मग ती भाजीपाल्याच्या पिशव्या आणणारी इनोव्हा असो की सहा लिटरची रॅपिड. इलेक्ट्रिकमध्ये वरची पायरी ६५ किलोवॅटला संपते आणि तिथून पुढे सरसकट ६,७१२ रुपये. ९५ किलोवॅटची नेक्सॉन ईव्ही आणि ५६० किलोवॅटची टायकान टर्बो एस एकाच पायरीवर. हा विमा तिसऱ्या माणसाला होणाऱ्या इजेचा असतो, हे लक्षात घेतले तर ती पायरी किती अपुरी आहे ते कळते. टर्बो एस २.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते. त्या वेळात ती साधारण ४० मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे सिग्नल सुटल्यापासून चौक ओलांडेपर्यंत. पादचाऱ्याने मान वळवून अंदाज घ्यायचा तो कुठे? आणि २.३ टन वजनाच्या गाडीत, वेग तोच असला तरी, ९०० किलोंच्या गाडीच्या अडीचपट ऊर्जा असते.

मोजायला अवघड काही नाही. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या ऑस्ट्रेलियातल्या राज्यांत नव्या चालकांना टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. दारे दोन की चार, हा प्रश्नच नाही. साउथ ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ पासून टनामागे २७६ किलोवॅट किंवा त्याहून अधिक ताकदीच्या गाड्यांसाठी परवान्याचा वेगळा वर्ग केला. टायकान टर्बो एस टनामागे २४४ च्या आसपास येते, तिच्याहून ताकदवान टायकान टर्बो जीटी ती रेघ ओलांडते. आपली होंडा सिटी ८० च्या आसपास, अल्टो त्याहून खाली. म्हणजे १३० ची मर्यादा घातली तर सामान्य घरातल्या एकाही नवशिक्याला तिचा जाच होणार नाही. चीनने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात आणखी साधी गोष्ट सुचवली आहे: गाडी सुरू केल्यावर मूळ स्थितीत तिला १०० चा वेग गाठायला किमान पाच सेकंद लागले पाहिजेत, याहून चपळ हवी असेल तर चालकाने स्वतःहून तसा मोड निवडावा. सॉफ्टवेअरमधला बदल आहे, पैसे लागत नाहीत. फ्रान्स २०२२ पासून वजनावर नोंदणीकर घेतो. तेव्हा १८०० किलोंपुढे प्रत्येक किलोला १० युरो होता, २०२४ मध्ये सुरुवात १६०० किलोंवर आली.

महाराष्ट्राने यातले चार तुकडे उचलावेत, किंवा केंद्राकडे आग्रह धरावा. परवाना मिळाल्यापासून पहिली तीन वर्षे टनामागे १३० किलोवॅटची मर्यादा. मोटार वाहन करावरची ३० लाखांची कमाल मर्यादा रद्द. इलेक्ट्रिक सवलत ३० लाखांपर्यंतच, त्यापुढे मागे घेतलेला ६ टक्क्यांचा दर पुन्हा. आणि थर्ड पार्टी विम्यात ६५ किलोवॅटपुढे १५० आणि ३०० अशा आणखी दोन पायऱ्या.

दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला, बॅटरी जड असते, मग वजनावर कर लावणे म्हणजे इलेक्ट्रिक गाडीला शिक्षा. पॅरिसने त्याचे उत्तर दिले आहे: इलेक्ट्रिकसाठी उंबरठा वेगळा. शिवाय सवलत द्यायची ती हवा स्वच्छ व्हावी म्हणून. दीड कोटींची गाडी घेणारा सात-आठ लाखांच्या करासाठी थांबत नाही; आठ लाखांची इलेक्ट्रिक घेऊ की नको अशा विचारात पडलेला माणूस मात्र पन्नास हजारांसाठी थांबतो. तिथे पैसा घालावा. दुसरा आक्षेप, देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत आलिशान गाड्या सुमारे एक टक्का. एवढ्यासाठी कायदा कशाला? संख्या लहान असली तरी दर गाडीमागचा धोका लहान नसतो. आणि आज जी ताकद दोन कोटींना मिळते ती दहा वर्षांत तीस लाखांना मिळेल. इलेक्ट्रिक मोटरमुळे हे आधीच सुरू झाले आहे. शाओमी ही फोन विकणारी कंपनी आता चीनमध्ये चार दारांची १५०० अश्वशक्तीहून ताकदवान गाडी विकते.

नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. वाहननोंदणीचा अर्ज, म्हणजे 'नमुना २०', आरटीओत रोज भरला जातो. त्यात अश्वशक्तीचा रकाना आहे, रिकाम्या वजनाचा आहे, आणि उत्पादकाने केलेल्या वर्गीकरणाचाही आहे. आज शासन त्यातला तिसरा मान्य करते आणि पहिले दोन नुसते भरून घेते. नोंदणीच्या 'वाहन' या सरकारी पोर्टलवर पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की टनामागे किती ताकद ते कळते.